दोन ग्लायडर घेण्याआधी किनाऱ्यावर काय उभं करावं लागतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोकणातल्या एका महाविद्यालयाच्या सागरविज्ञान विभागाला पाण्याखालचे दोन ग्लायडर घेण्यापुरता निधी मिळेल अशी चिन्हं आहेत. पावसाळा सरताना किनाऱ्याजवळ वर येणारं कमी ऑक्सिजनचं पाणी त्यांना मोजायचं आहे. प्राध्यापक विचारतात, ‘किनाऱ्यावर एक खोली, एक संगणक आणि भाड्याची होडी एवढं पुरेल ना? आणि इतर संस्थांशी सहकार्य करायचं तर नेमकं कशात?’

सर, खोली, संगणक आणि होडी हे तिन्ही लागतंच, पण तुम्ही लिहिलंय त्याच्या उलट्या क्रमाने. मी सतरा वर्षं हे काम करतोय. आधी युरोपातल्या एका ग्लायडर केंद्रात तंत्रज्ञ होतो, नंतर भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवरच्या मोहिमांत काम केलं. यंत्रच वाईट निघालं म्हणून फसलेल्या मोहिमा मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. किनाऱ्यावरची तयारी तोकडी पडली म्हणून फसलेल्या मोजायला दोन्ही हात पुरत नाहीत. म्हणून कोणतं मॉडेल घ्यावं याचं उत्तर सगळ्यात शेवटी देतो.

ज्यांनी ग्लायडर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. हा दीड-दोन मीटर लांबीचा, पन्नास-साठ किलो वजनाचा पंख असलेला नळा असतो. त्याला पंखा नसतो. पोटातलं तेल पंपाने बाहेरच्या पिशवीत ढकललं की त्याचं आकारमान वाढतं आणि तो वर येतो. तेल आत घेतलं की बुडतो. पंखांमुळे बुडताना आणि वर येताना तो पुढेही सरकतो. वेग सेकंदाला सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे दिवसाला पंचवीस किलोमीटर. रमतगमत चालणारा माणूसही त्याला सहज मागे टाकेल. पण वीज इतकी कमी लागते की तो आठवडे, कधी महिने पाण्यात राहतो आणि दर काही तासांनी वर येऊन इरिडियम उपग्रहांमार्फत घरी फोन करतो.

त्या फोनला उत्तर देणारं कुणीतरी लागतं. ही कल्पना मुळापासूनच आहे. हेन्री स्टॉमेल या अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये, असं यंत्र समुद्रात फिरण्याच्या आधी, एक कल्पित लेख लिहिला. काळ २०२१चा, स्थळ मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या बेटावरचं नियंत्रण केंद्र. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या जोशुआ स्लोकमचं नाव त्याने त्या यंत्रांना दिलं, आणि डग वेब यांनी पुढे खरोखर बनवलेला ग्लायडर त्याच नावाने विकला जातो. गंमत अशी की त्या लेखात कथा सांगणारा माणूस त्या केंद्रात नोकरी करणारा आहे. स्टॉमेलला यंत्र दिसण्याआधी कचेरी दिसली होती. आपल्याकडे निधीच्या अर्जात कचेरीचं नावही नसतं.

आता कामाचं बोलू. सगळ्यात आधी टाकी बांधा. तीन मीटर लांब, दीड-दोन मीटर रुंद, दीड मीटर खोल. वर एक चेनकप्पी आणि पाण्याखाली वजन करता येईल असा अचूक तराजू. हिला मी संगणकाच्या आधी पैसे देईन. कारण ग्लायडर तरंगणं-बुडणं यांच्या मधल्या अगदी अरुंद पट्टीत जगतो. उथळ पाण्यासाठीच्या साध्या पंपाची एकूण ताकद अर्ध्या लिटरच्या आसपास, म्हणजे मध्यबिंदूपासून वर पाव लिटर आणि खाली पाव लिटर. यंत्राचं आकारमान पन्नास लिटर धरा. पाण्याची घनता घनमीटरमागे एक किलोने बदलली तर यंत्राच्या दृष्टीने पन्नास ग्रॅमचा फरक पडतो. अरबी समुद्राच्या पृष्ठभागावर क्षारता, म्हणजे किलोभर पाण्यातले मिठाचे ग्रॅम, ३६च्या आसपास असते. उत्तरेकडच्या बंगालच्या उपसागरात पावसाळ्यानंतर ती ३१ किंवा त्याहून खाली जाते. तापमान सारखंच धरलं तरी घनतेत पावणेचार किलोचा फरक, म्हणजे जवळजवळ दोनशे ग्रॅम. गोव्यात वजन लावलेला ग्लायडर तसाच उचलून पारादीपसमोर सोडला तर त्याची वर येण्याची जवळजवळ सगळी ताकद तिथेच संपते.

ही चूक मी स्वतः केली आहे. ऑक्टोबर महिना, एका नदीच्या मुखापासून थोडं बाहेर. आदल्या आठवड्यातल्या मोजणीवरून वजन लावलं होतं. मधल्या दिवसांत वरच्या बाजूला परतीचा पाऊस झाला आणि नदीचं गोडं पाणी समुद्रावर चादरीसारखं पसरलं. क्षारता ३६ वरून २५ वर उतरली की हिशेबाने चारशे ग्रॅम होतात. ग्लायडर खालून वर आला आणि सहा-सात मीटरवर त्या चादरीखाली अडकला. पिशवी पूर्ण फुगलेली, पण वर येता येईना. अँटेना पाण्याबाहेर आली नाही तर फोन नाही. एकोणीस तास आम्ही पडद्याकडे बघत बसलो. शेवटी वारा उठला, पाणी घुसळलं गेलं आणि त्याचा फोन आला. आणखी दोन तास गेले असते तर ठरलेल्या वेळेनुसार त्याने वर येण्यासाठी पोटातलं आणीबाणीचं वजन टाकून दिलं असतं आणि मोहीम तिथेच संपली असती. तेव्हापासून सोडण्याच्या दिवशी सकाळी त्याच जागी होडीवरून एकदा तापमान-क्षारता मोजल्याशिवाय मी दोर सोडत नाही. कोकणच्या खाड्यांसमोर सप्टेंबरात तुम्हाला हेच भेटणार आहे, म्हणून एवढं लांबवलं.

टाकीचंही एक तंत्र आहे. वरचं पाणी कोमट आणि तळाचं गार राहिलं तर तराजू खोटं बोलतो, म्हणून छोट्या पंपाने पाणी फिरवत ठेवायचं आणि मोजताना बंद करायचं. नाकाच्या आणि शेपटीच्या पोकळीत हवेचे बुडबुडे अडकतात. प्रत्येक बुडबुडा म्हणजे खोटे ग्रॅम. रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी हात फिरवून बुडबुडे काढा, मग मोजा. घाईत केलेलं वजन पुन्हा करावंच लागतं, फक्त ते समुद्रात लक्षात येतं.

ओ-रिंग (सांध्यांतून पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कड्या), निर्वात चाचणी आणि होकायंत्र यांबद्दल थोडक्यात. नळ्याचे भाग जोडल्यावर आतली काही हवा काढून घेतात आणि रात्रभर दाब बघतात. सकाळी दाब चढलेला दिसला तर कुठेतरी केस किंवा वाळूचा कण अडकला आहे, पुन्हा उघडा. म्हणून जोडणीची खोली धूळ नसलेली हवी, रस्त्याकडेची नको. होकायंत्राची जुळणी लोखंडापासून लांब करायची असते. आरसीसी इमारतीच्या सळया त्याला पुरेशा चकवतात. तुमच्या कॉलेजचं मैदान चालेल, पण सायकल स्टँडपासून दूर. बॅटरी बदलली की जुळणी पुन्हा करायची, कारण बॅटरीचे संचही चुंबकीय असतात.

बॅटरीसाठी मात्र वेगळी खोली लागेल. लांबच्या मोहिमांत एकदाच वापरायच्या लिथियम बॅटऱ्या घालतात. त्या नवव्या वर्गाचा धोकादायक माल मानल्या जातात आणि सुट्या लिथियम धातूच्या बॅटऱ्या प्रवासी विमानातून मालही म्हणून जात नाहीत. म्हणजे मोहिमेच्या मध्यात बॅटरी संपली आणि परदेशातून मागवली तर ती पोचेपर्यंत हंगाम उलटून जातो. साठ्याची खोली मुख्य इमारतीबाहेर, हवेशीर, कुलूपबंद हवी आणि आग विझवायला धातूच्या आगीसाठीचं कोरडं रसायन हवं. आत पाणी शिरलेला ग्लायडर परत आला तर तो उघडायचा नाही. कुतूहल बाजूला ठेवा. आत वायूचा दाब वाढलेला असू शकतो आणि असे ग्लायडर फुटल्याची उदाहरणं आहेत. तो माणसांपासून दूर, उघड्यावर, सावलीत ठेवून निर्मात्याशी बोलायचं. हे सगळं टाळण्याचा मार्गही आहे, त्याकडे शेवटी येतो.

होडीबद्दल तुम्ही ‘भाड्याची’ असं लिहिलंय. भाड्याची चालेल, पण ‘मिळेल ती’ चालणार नाही. सोडताना जो दिवस असतो तो तुम्ही निवडलेला असतो. उचलण्याचा दिवस बहुतेक वेळा समुद्र निवडतो. लाटेवर उसळणाऱ्या साठ किलोच्या, महागड्या सेन्सरांच्या नळ्याला उंच कठड्याच्या ट्रॉलरवर ओढणं म्हणजे तो हमखास बाजूवर आपटणार. त्यापेक्षा आपल्याकडची बाहेरून इंजिन लावलेली छोटी फायबर होडी उत्तम: कठडा पाण्यालगत, दोन माणसं वाकून पट्टा अडकवू शकतात. तांडेल तोच, होडी तीच, आणि त्यांना टाकीवर बोलावून एकदा ग्लायडर हाताळू द्या. पंख कुठे मोडतात, कुठे धरायचं नाही, हे एकदा हाताला कळलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

मच्छीमार संस्थांशी बोलणं मी याच कामाचा भाग धरतो. किनारपट्टीवर ग्लायडरचा सगळ्यात मोठा धोका जाळं आहे. मिरकरवाडा असो, हर्णै असो की देवगड, मोहिमेआधी संस्थेच्या बैठकीत यंत्र घेऊनच जा. ते काय आहे, त्याने मासे पळत नाहीत, ते कुणाची नजर ठेवत नाही, हे सांगा. यंत्रावर मराठी, कोकणी आणि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत लिहा: धोकादायक नाही, या क्रमांकावर फोन करा. फाटलेल्या जाळ्याची भरपाई द्यायची तरतूद आधीच ठेवा. दहा मिनिटांत दिलेले पैसे पुढच्या मोसमात दहा ग्लायडर वाचवतात. आणि सागरी पोलीस, तटरक्षक दल, नौदल यांना लेखी कळवलेलं असू द्या. २००८ नंतरच्या मुंबई किनाऱ्यावर पाण्यात तरंगणारी पिवळी, टॉर्पेडोसारखी वस्तू दिसली तर माणसं काय समजतील हे सांगायला नको. इंडोनेशियात डिसेंबर २०२० मध्ये सेलायार बेटाजवळ एका मच्छीमाराला असाच एक ग्लायडर सापडला, तो चिनी असल्याची चर्चा झाली, आणि नौदलाला पत्रकार परिषद घ्यावी लागली.

दर्यावर्दींसाठी सूचना द्यायची असते तीही विसरू नका. आपल्या भागाच्या, म्हणजे नॅव्हएरिया ८च्या, सागरी इशाऱ्यांचं काम देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय बघतं. समुद्राची सूचना डोंगरातून निघते याचं मला अजूनही हसू येतं, पण पत्ता तोच आहे.

इरिडियमचा मुद्दा तुमच्या यादीत नव्हता, म्हणून मुद्दाम लिहितो. भारतात थुराया आणि इरिडियम उपग्रह फोन परवानगीशिवाय वापरायला बंदी आहे आणि ती कागदावरची बंदी नाही. परवानगी नसलेला उपग्रह फोन जवळ सापडल्याने पर्यटकांना अटक झाली आहे. ग्लायडरच्या शेपटीत इरिडियमचं मोडेम असतं. दूरसंचार विभागाची परवानगी हातात येईपर्यंत यंत्र मागवू नका, नाहीतर ते कस्टममध्ये अडकून पडेल आणि तुम्ही गोदामाचं भाडं भरत राहाल.

आता खोली आणि संगणक. संगणक साधा चालतो, पण दोन हवेत आणि दोन वेगळ्या इमारतींत, वेगळ्या वीजजोडणीवर. इरिडियमचा वेग सेकंदाला २४०० बिट आहे. शंभर किलोबाइटची एक फाइल यायला साडेपाच मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ ग्लायडर पृष्ठभागावर, होड्यांच्या वाटेत, प्रवाहात वाहत पडलेला असतो. मध्येच तुमच्याकडची वीज गेली आणि सर्व्हर बंद पडला तर तो पुन्हा पुन्हा फोन लावत बॅटरी जाळतो. पावसाळ्यात कोकणात वीज किती टिकते ते तुम्हीच मला सांगा. म्हणून मुख्य सर्व्हर दुसऱ्या कुणाच्या तरी भरवशाच्या सर्व्हर रूममध्ये ठेवावा आणि तुमच्याकडे त्याची प्रत, असं मी सुचवेन.

खोलीपेक्षा माणसं महत्त्वाची. एका ग्लायडरमागे चोवीस तास कुणीतरी ‘पायलट’ असावा लागतो. तो सतत स्टिअरिंग धरून बसत नाही. ग्लायडर वर आला की त्याने पाठवलेले आकडे बघतो: किती खोल गेला, तळाला टेकला का, बॅटरी किती उरली, आत पाणी तर येत नाही ना, प्रवाहाने किती ढकललं. मग पुढच्या बुडीसाठी दिशा आणि खोली बदलतो. हजार मीटरच्या एका फेरीला चार-सहा तास लागतात, त्यामुळे खोल समुद्रात माणूस झोपू शकतो. तुमच्या ४०-६० मीटर खोलीच्या पाण्यात फेऱ्या मिनिटांत होतात. तिथे मी दर दोन-तीन तासांनी फोन करायला लावतो. म्हणजे रात्रपाळी आलीच. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना शिकवून ही पाळी लावता येते, अनेक ठिकाणी तसंच चालतं. पण पाळीच्या वहीत शेवटचं नाव तुमचं किंवा तुमच्या तंत्रज्ञाचं असू द्या. पहाटे तीन वाजता ‘वजन टाकू का?’ हे विचारायला विद्यार्थ्याकडे एक फोन नंबर असला पाहिजे, आणि तो उचलला गेला पाहिजे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला इथूनच उत्तर सुरू होतं. रात्रपाळी ही सहकार्यात वाटून घ्यायची पहिली गोष्ट. पायलटला समुद्राजवळ असण्याची गरज नाही. जो जागा आहे त्याने चालवावं. युरोपची रात्र आपली पहाट असते, ऑस्ट्रेलियात तेव्हा सकाळ. एकमेकांच्या ग्लायडरकडे आठ-आठ तास बघायचा करार दोन-तीन केंद्रांत झाला तर कुणालाच रात्र जागावी लागत नाही. अट एकच: सगळ्यांनी एकाच पद्धतीने नोंदवही लिहायची. मी एकदा पाळीवर आलो तर आधीच्या पायलटने ‘सगळं ठीक, थोडं बघ’ एवढंच लिहून ठेवलं होतं. काय बघ? ग्लायडर दोन तासांपासून तळावर बसलेला होता.

युरोपात हा वाटून घेण्याचा विचार बराच पुढे गेला आहे. तिथे २०११ ते २०१४ या काळात ‘ग्रूम’ नावाचा प्रकल्प झाला. त्याचा विषय ग्लायडर बनवणं हा नव्हता, तर ही किनाऱ्यावरची केंद्रं, ज्यांना ते ग्लायडरपोर्ट म्हणतात, एकमेकांना कशी जोडायची हा होता. पुढे २०२० मध्ये त्याचा दुसरा टप्पा सुरू झाला. फ्रान्समध्ये ला सेन-सुर-मेर, स्पेनच्या पाल्मात सोसिब, कॅनरी बेटांवर प्लोकान, इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन, शिवाय जर्मनी, नॉर्वे, सायप्रस. प्लोकानमध्ये नव्या लोकांसाठी ग्लायडरची शाळा भरते. तुमच्या तंत्रज्ञाला तिथे पाठवायचे पैसे अर्जातच मागा. सोसिबचे ग्लायडर २०११ पासून इबिझा बेट आणि स्पेनची मुख्य भूमी यांमधल्या सामुद्रधुनीत त्याच रेषेवर पुन्हा पुन्हा जातात. अशी रेषा टिकवायची असेल तर एक बिघडला की दुसरा तयार लागतो, आणि तो दुसरा शेजाऱ्याकडून उसना मिळू शकतो, यासाठीच हे जाळं. ऑस्ट्रेलियाने उलटा रस्ता धरला: पर्थच्या विद्यापीठात एकच राष्ट्रीय केंद्र, तिथेच सगळी दुरुस्ती, सगळं बॅलास्टिंग (म्हणजे टाकीत वजन लावणं), आणि तिथून देशभर यंत्रं पाठवायची. दोन्ही पद्धती चालतात. आपल्याला मात्र शुद्ध ऑस्ट्रेलियन पद्धत परवडणार नाही असं माझं मत आहे, कारण आपले दोन समुद्र घनतेने इतके वेगळे आहेत की बॅलास्टिंग जिथे सोडायचं तिथल्या जवळच व्हायला हवं.

म्हणून माझी वाटणी अशी. टाकी, होडी आणि मच्छीमारांशी ओळख ही तुमची स्वतःची. यात कुणाशी भागी करून उपयोग नाही. सेन्सरचं कॅलिब्रेशन, मुख्य सर्व्हर, सुटे भाग, रात्रपाळी आणि डेटा हे वाटून घ्यायचं. सुट्या भागांच्या बाबतीत तर मी म्हणेन, त्याच मॉडेलचा ग्लायडर वापरणारी दुसरी भारतीय संस्था शोधा आणि मगच मॉडेल ठरवा. एक पंप किंवा एक मोडेम शेजारून कुरियरने दोन दिवसांत येणं आणि परदेशातून दहा आठवड्यांत येणं, यात एक अख्खा मोसम असतो.

जुळलेलं सहकार्य कसं दिसतं याची दोन उदाहरणं देतो. एक आपल्याकडचं. २०१६च्या जून-जुलैमध्ये बंगालच्या उपसागरात ‘बॉबल’ नावाची मोहीम झाली. मोसमी प्रवाह आणि श्रीलंकेच्या पूर्वेचं पाणी पावसाळ्यातच मोजायचं होतं. जहाज ‘सिंधु साधना’, म्हणजे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेचं. शास्त्रीय नेतृत्वात बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था. आणि सीग्लायडर चालवण्याची बाजू इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाची. ८ अंश उत्तर अक्षांशावर पाच ग्लायडर सोडले गेले. जहाज फक्त काही दिवस एका जागी थांबू शकतं, ग्लायडर त्याच्या मागेपुढे मोजत राहतात. यातल्या एकाही संस्थेला हे एकटीने करता आलं नसतं असं नाही, पण त्या पावसाळ्यात झालं नसतं.

दुसरं अटलांटिकमधलं. रटगर्स विद्यापीठाचा ‘स्कार्लेट नाइट’ हा ग्लायडर २७ एप्रिल २००९ रोजी न्यू जर्सीसमोर सोडला आणि ४ डिसेंबरला स्पेनच्या बायोना गावाजवळ उचलला. २२१ दिवस, ७,४०० किलोमीटरांहून जास्त. त्याच्या आदल्या वर्षीचा ग्लायडर अझोरेस बेटांजवळ हरवला होता. स्कार्लेट नाइटवरही वाटेत बार्नॅकल चढली, होडीच्या बुडाला चढतात तशीच, आणि तो मंदावला. तेव्हा माणसं अझोरेसला विमानाने गेली, होडीने त्याच्यापर्यंत पोचली, आणि पाण्यात उतरून त्याला बाहेर न काढता खरवडून आली. मधल्या समुद्रात मोजून दिलेल्या जागी होडी घेऊन जाणारा कुणीतरी बेटावर ओळखीचा असणं, स्पेनचं जहाज वेळेवर तयार असणं, यांवर तो विक्रम उभा आहे. कौतुक मात्र यंत्राचं होतं.

परदेशी संस्था भागीदार असेल तर कायदाही येतो. सागरी कायद्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार दोनशे सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्रात संशोधनासाठी त्या देशाची संमती लागते आणि माहिती सहा महिने आधी द्यावी लागते. ग्लायडरला सीमा दिसत नाही. प्रवाहाने शेजारच्या क्षेत्रात नेला तर पायलटला ते तासातासाने कळत असतं आणि तरी दिवसाला पंचवीस किलोमीटरच्या वेगाने तो काही पळून येत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये चिनी नौदलाने अमेरिकेचा एक ग्लायडर दक्षिण चीन समुद्रात उचलून नेला आणि पाच दिवसांनी परत केला. तापमान-क्षारता म्हणजे पाण्यातला ध्वनीचा वेग, आणि पाणबुड्या लपवणाऱ्या व शोधणाऱ्या सगळ्यांना त्यात रस असतो. म्हणून डेटा कोणत्या देशातल्या सर्व्हरवर उतरतो, परदेशी पायलटला काय दिसतं, हे सामंजस्य करारात पहिल्या पानावर लिहा. नंतर लिहू म्हटलं की परवानगी देणारा अधिकारी तेच आधी विचारतो.

डेटाबद्दल फार लिहीत नाही. हैदराबादच्या इन्कॉइसशी, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राशी, आधीच बोला. अर्गो तरंडांचा, म्हणजे समुद्रात वाहत आपोआप मोजणी करणाऱ्या यंत्रांचा, भारतीय डेटा तेच हाताळतात, त्यामुळे तपासणी कशी करायची आणि जगाच्या हवामान जाळ्यात काय, कधी पाठवायचं हे तुम्हाला नव्याने शोधावं लागणार नाही. मोहिमेनंतर क्षारतेवर उष्णतेच्या विलंबाची (सेन्सरला पाण्याचं तापमान घ्यायला वेळ लागतो त्याची) दुरुस्ती करावी लागते, नाहीतर तापमान झपाट्याने बदलतं त्या थरात खोटे काटे दिसतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो शोध वाटतो.

तुमच्या मुख्य मोजमापाचं, ऑक्सिजनचं, मात्र तुमच्याच इमारतीत बरंच होईल. ऑक्सिजनचे प्रकाशीय सेन्सर नुसते कपाटात पडून राहिले तरी सरकतात. सोडताना आणि उचलताना बाटलीत पाणी घेऊन विंकलर टायट्रेशन, म्हणजे ऑक्सिजनची रासायनिक मोजणी, करा. रसायनशास्त्र विभागाला ते नवीन नाही. पण तुमचं पाणी जवळजवळ शून्य ऑक्सिजनचं असणार, आणि तिथे विंकलर अपुरं पडतं. म्हणून सोडियम सल्फाइटच्या द्रावणात सेन्सरचा शून्यबिंदूही आधी तपासून घ्या. गोव्याच्या संस्थेची १९९७ पासून कांदोळीसमोर ठरलेल्या जागी मोजणी आहे. पहिला मोसम ग्लायडर त्या जागेवरून न्या. तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशी जुळले की पुढचं बोलता येईल.

यातून मॉडेलचं उत्तर आपोआप निघतं. मुंबईसमोर आपला उथळ खंडमंच दोनशे किलोमीटरांहून रुंद आहे, गोव्यासमोर त्याच्या निम्म्याच्या आसपास. हजार मीटरचा ग्लायडर खोल पाण्यापर्यंत पोचायलाच आठवडा घेईल, तोही सगळा जाळ्यांतून, आणि तुम्हाला हवं असलेलं पाणी तर किनाऱ्याजवळ आहे. त्यामुळे शंभर-दोनशे मीटरच्या उथळ पंपाचा घ्या, झटपट वळणारा, आणि आणीबाणीचं वजन असलेला. बॅटरी चार्ज करता येणारी घ्या. मोहीम तीन-चार आठवड्यांची असेल, तेवढं ती पुरवते आणि लिथियम धातूच्या बॅटऱ्यांचा आयात-साठ्याचा बराच व्याप टळतो. दोन ग्लायडर एकदम घेऊ नका. एक घ्या आणि दुसऱ्याच्या पैशांत टाकी, तंत्रज्ञाचा तीन वर्षांचा पगार आणि सुटे भाग बसवा. निधी देणाऱ्याला ‘यंत्र एकच का?’ असा प्रश्न पडेल. त्यासाठी वरचं सगळं वापरा.

शेवटी तारखा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि त्या समुद्रात तसंही कुणी जाणार नाही. कमी ऑक्सिजनचा जोर सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे ग्लायडर ऑगस्टच्या अखेरीस पाण्यात हवा, जुलैत बॅलास्टिंग पुरं, मेपर्यंत इरिडियमची आणि इतर परवानगी हातात, आणि अर्ज त्याच्या आदल्या वर्षी. बरेच तांडेल नारळी पौर्णिमेआधी होडी काढत नाहीत. आणि उचलण्याची तारीख ठरवताना पंचांग बघा. गणपतीच्या दिवसांत यंत्राने पाणी शिरल्याचा इशारा दिला तर तुम्हाला कोकणात एकही खलाशी मिळणार नाही. माझ्या एका मोहिमेत गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी होडी निघाली, तोवर ग्लायडर वाहत ऐंशी किलोमीटर दक्षिणेला गेला होता.